व्यासपीठ, वस्त्र आणि स्वाभिमान

गेल्या वर्षीची गोष्ट. तालुका पातळीवरील प्रकल्प सादरीकरणासाठी इयत्ता नववीच्या चार विद्यार्थिनींचा गट निवडला गेला होता. विषय त्यांनीच ठरवला होता : विडी कामगार स्त्रियांचे आरोग्य. कुंभारीच्या परिसरात राहणाऱ्यांना या विषयाचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. गोदूताई परुळेकर वसाहतीत घराघरांतून मांडीवर सूप घेऊन बसलेल्या माता-भगिनी आपण रोज पाहतो. गटातील ज्या मुलीने सर्वाधिक माहिती गोळा केली, तिची आई स्वतः विड्या वळते. सादरीकरणाच्या आठ दिवस आधी ती मुलगी आमच्याकडे आली आणि तिने विचारले, "सर, बोलायला उभं राहताना काय घालू?" आम्ही वह्यांतून मान वर न काढता उत्तर दिले, "गणवेश आहे की. विषयाकडे लक्ष दे, कपड्यांत काय आहे?" ती "बरं सर" म्हणून निघून गेली. तिसऱ्या दिवशी कळले, की तिने गटातून आपले नाव काढून घेतले आहे.

चौकशी केली तेव्हा सारा उलगडा झाला. गटाने त्या दिवसापुरते निळे कोट भाड्याने आणायचे ठरवले होते. तिघींच्या पालकांनी होकार दिला. हिच्या आईला एका दिवसाचे ते भाडे दोन दिवसांच्या मजुरीएवढे पडत होते. उरला गणवेश, त्याच्या बाहीला कोपराजवळ ठिगळ होते आणि तो आखूडही झाला होता. तीन कोटांच्या शेजारी त्या वेषात उभे राहण्यापेक्षा तिने न बोलणे पसंत केले. जाताना आपण जमवलेल्या माहितीचे कागद मात्र तिने व्यवस्थित लावून मैत्रिणींच्या हाती दिले होते.

इतिहासाचे शिक्षक म्हणवून घेणाऱ्या आम्हाला त्या दिवशी स्वतःच्या उत्तराची लाज वाटली. "कपड्यांत काय आहे?" हे वाक्य सहज उच्चारण्याची सवलत आपल्या समाजाला इतिहासाने कधी दिली नव्हती, हे आम्ही विसरलो होतो. त्या मुलीचा प्रश्न पोरकट नव्हता. तो फार जुना आणि फार गंभीर प्रश्न होता. शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे तो मांडावा, असे आम्हाला वाटते.

आपल्या देशात वस्त्र ही केवळ अंग झाकण्याची वस्तू कधीच नव्हती. ती माणसाची पायरी दाखवणारी खूण होती. मनुस्मृतीने चांडालासाठी प्रेताची वस्त्रे नेमून दिली. आपल्याकडील गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा 'हक्क' मानला गेला. अपमानाला हक्काचे नाव दिले, की तो पिढ्यान्पिढ्या चालतो. हे सारे फार प्राचीन आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात डॉ. बाबासाहेबांनी नोंदवलेले इंदूरकडील बलाई समाजाचे उदाहरण पाहावे. १९२८ साली तेथील सवर्णांनी बलाईंवर नियम लादले : जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही, स्त्रियांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत. ज्यांनी हे मानले नाही त्यांच्या विहिरी बंद झाल्या. धोतराच्या काठाच्या रंगावरून माणसाचे पाणी तोडले जात होते.

ही गोष्ट केवळ महाराष्ट्र-माळव्याची नाही. त्रावणकोरात नाडर स्त्रियांना ऊर झाकण्याच्या अधिकारासाठी दीर्घ लढा द्यावा लागला, तेव्हा कुठे १८५९ साली संस्थानाने तशी मोकळीक दिली. तीही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र घेऊ नये, या अटीवर. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिनाच्या १७४० च्या कायद्याने गुलामांनी कोणत्या जाड्याभरड्या कापडाचे कपडे घालावेत हे ठरवून दिले होते. आणि कापड विणणाऱ्या गिरण्यांची कथा तरी काय वेगळी? मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत. कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यामुळे बाट होतो, असे म्हटले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला होता. १८७७ पासून गिरण्यांच्या भोंग्यावर जागे होणाऱ्या सोलापूरच्या लोकांना गिरणीतील 'खाते' म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको.

म्हणूनच आपल्या महापुरुषांनी लोकांसमोर उभे राहताना वस्त्राचा विचार काळजीपूर्वक केलेला दिसतो.

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ झाला. सारे निमंत्रित उंची पोशाखात आले होते. महात्मा जोतीराव फुले मात्र शेतकऱ्याच्या वेषात गेले : खांद्यावर घोंगडी, डोक्याला फाटके पागोटे. दारावरच्या माणसांनी त्यांना अडवले. यजमान हरी रावजी चिपळूणकर यांनी त्यांना आत नेले. आत गेल्यावर जोतीरावांनी भाषण करून सांगितले, की समोर बसलेले श्रीमंत लोक म्हणजे हा देश नव्हे; खरी प्रजा खेड्यांत उपाशी आणि निरक्षर आहे, तिच्या शिक्षणाची सोय करा. जोतीराव स्वतः कंत्राटदार होते, त्यांना चांगला पोशाख मिळत नव्हता असे नाही. त्या दिवशी त्यांचा वेष हा त्यांच्या भाषणाचा पहिला पुरावा होता.

सावित्रीबाईंची साडी आपण सारे जाणतो. १८४८ नंतर पुण्यात मुलींना शिकवायला जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकत, म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे नेत आणि शाळेत पोहोचल्यावर ते नेसून वर्गात उभ्या राहत. रस्त्यावर कितीही घाण पडली तरी विद्यार्थिनींसमोर शिक्षिका स्वच्छ वस्त्रातच उभी राहिली पाहिजे, हा त्यांचा निश्चय होता. व्यासपीठावर काय घालावे, या प्रश्नाचे यापेक्षा चांगले उत्तर आम्हाला ठाऊक नाही.

आणि बाबासाहेब? १९२१ साली मदुराईत गांधीजींनी पंचा स्वीकारला आणि १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेला ते त्याच वेषात लंडनला गेले. त्याच परिषदेत बाबासाहेब सुटाबुटात बसले होते. यावर कित्येकांनी त्यांना 'साहेबी थाटाचे' म्हणून हिणवले. परंतु ज्याच्या अंगावर वस्त्र असणे समाजाने गृहीतच धरले आहे, त्याने ते उतरवले तर तो त्याग ठरतो. ज्याच्या पूर्वजांना मढ्यावरचे कापड नेमून दिले होते, त्याने तसेच केले असते तर जगाने त्याला नेहमीचा अस्पृश्य समजून पुढे पाऊल टाकले असते. बाबासाहेबांचा सूट हे एक विधान होते : आम्ही काय घालावे हे यापुढे आम्ही ठरवू.

हेच त्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांना सांगितले. तुमच्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून, अंगावरच्या चांदी-कथिलाच्या वजनदार दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते. त्या खुणा टाका, असा त्यांचा उपदेश होता. कपड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण तो स्वच्छ असावा, हेही त्यांनी त्याच भाषणात बजावले. परिषदेला आलेल्या स्त्रियांनी गावी परतण्याची वाट पाहिली नाही. तेथेच लुगडी नेसण्याची रीत बदलली. मनुस्मृतीच्या दहनाचे स्मरण आपण दरवर्षी करतो. त्याच परिषदेत झालेल्या या बदलाचे स्मरण मात्र क्वचित होते.

याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला कोणता पोशाख केला होता? पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट. माईसाहेब पांढऱ्या साडीत होत्या आणि समोरचा लाखोंचा जनसमुदाय शुभ्र वस्त्रांत होता. गोलमेज परिषदेतला वेष त्यांनी दीक्षाभूमीवर आणला नाही. प्रसंग बदलला, श्रोते बदलले, सांगायचे ते बदलले, तसा पोशाखही त्यांनी स्वतः निवडला. सूट हाच बाबासाहेबांचा आदर्श, असे मानणाऱ्यांनी हा दिवस विसरू नये.

आम्हाला येथे भगवान बुद्धांच्या संघाची आठवण होते. भिक्खूंचे चीवर प्रारंभी पांसुकूल असे, म्हणजे उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या जोडून शिवलेले. मगधातील शेतांच्या बांधांची रचना पाहून बुद्धांनी आनंदाला त्या नमुन्याचे चीवर करायला सांगितले, अशी नोंद विनयपिटकात आहे. पुढे वैद्य जीवकाने उत्तम वस्त्र अर्पण केले तेव्हा बुद्धांनी मोकळीक दिली, की ज्याला वाटेल त्याने पांसुकूल वापरावे, ज्याला वाटेल त्याने गृहस्थाने दिलेले चीवर घ्यावे. स्मशानातले कापड मनूनेही सांगितले आणि संघातही होते. मनूने ते माणसावर लादले. संघात भिक्खूने ते स्वेच्छेने घेतले आणि नको असेल तेव्हा दुसरे घेण्याची त्याला मुभा होती. कापड तेच असूनही एक गुलामीची खूण ठरले आणि दुसरे मुक्तीची. फरक निवडीचा आहे. विशेष म्हणजे संघाच्या ७५ सेखिय नियमांतील पहिले दोन नियम वस्त्र सर्व बाजूंनी सारखे, नीटनेटके नेसण्याविषयीच आहेत. ज्याने चिंध्यांचे चीवर स्वीकारले त्यालाही गबाळेपणाची सवलत नव्हती.

आता आपल्याकडे वळू. आज आपल्या वस्त्यांतून, शाळांतून निळ्या कोटाचे आकर्षण वाढले आहे. त्यामागची भावना आम्ही जाणतो आणि तिचा आदर करतो. ज्या बापाने आयुष्यभर दुसऱ्याचे उतरलेले कपडे घातले, त्याला आपले लेकरू एक दिवस बाबासाहेबांसारखे दिसावे असे वाटले तर त्यात हसण्यासारखे काही नाही. परंतु १४ एप्रिलच्या भाषणासाठी, स्नेहसंमेलनासाठी, वक्तृत्व स्पर्धेसाठी कोट हवाच असे ठरले आणि त्यासाठी उसनवारी होऊ लागली, की निवड संपते आणि सक्ती सुरू होते. पूर्वी ती सक्ती गावाने केली, आता आपणच आपल्या मुलांवर करत आहोत. कोट नाही म्हणून एक मुलगी गप्प बसते, तेव्हा आपण बाबासाहेबांचा वेष घेतलेला असतो आणि त्यांचे सांगणे मात्र बाजूला ठेवलेले असते. लंडनमध्ये अर्धपोटी राहून पुस्तके विकत घेणाऱ्या त्या विद्यार्थ्याने कशाला अग्रक्रम दिला होता, हे आपण मुलांना सांगितले पाहिजे.

याची दुसरी बाजूही तितकीच घातक आहे. पाहुणे, देणगीदार येणार असले, की काही ठिकाणी मुद्दाम गरीब दिसणारी मुले पुढे उभी केली जातात. तेथे फाटका सदरा कामाला लावला जातो. जोतीरावांनी शेतकऱ्याचा वेष स्वतः धारण केला होता. तो त्यांना कोणी घालायला लावला नव्हता. मुलाच्या दारिद्र्याचे प्रदर्शन त्याच्या नकळत मांडणे हा त्याचा अपमान आहे. आपल्या शाळेत असे कधी होऊ नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

मग सादरीकरणाला मुलांनी काय घालावे? इतक्या वर्षांच्या अनुभवातून आम्ही काही साध्या गोष्टी सांगू इच्छितो. कपडा स्वच्छ असावा, अंगाला बसणारा असावा आणि सवयीचा असावा. त्या दिवशी प्रथमच घातलेला कपडा आणि प्रथमच पायात आलेला बूट वक्त्याला छळतो. बोलणारा मुद्द्यापेक्षा टाचेचा विचार करू लागतो. म्हणून ज्या कपड्यात बोलायचे, त्याच कपड्यात आदल्या दिवशी एकदा पूर्ण सराव करावा. हात वर करून फळ्याकडे दाखवता येतो का, वाकून कागद उचलता येतो का, ओढणी माईकच्या तारेत अडकते का, हे तेव्हाच कळते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या सभागृहात कृत्रिम धाग्याचा कोट घातलेले मूल पाच मिनिटांत घामाघूम होते आणि परीक्षकांना वाटते की ते घाबरले आहे. सुती सदरा येथे कोटापेक्षा शहाणा. चमचमणारे, किणकिणणारे दागिने टाळावेत. श्रोत्याचे लक्ष चेहऱ्याकडे आणि शब्दांकडे राहावे. टिपणाचा कागद ठेवायला खिसा असावा. मुलींच्या गणवेशाला खिसा का नसतो, हा प्रश्नही पालकांनी कधी तरी शिंप्याला विचारावा. आणि कपडा स्वतः धुवावा, स्वतः इस्त्री करावी. आपल्या हाताने सिद्ध केलेल्या वस्त्रात उभे राहण्याचा आत्मविश्वास भाड्याच्या कोटातून येत नाही. इतके करूनही एखाद्याला कोटच घालावासा वाटला आणि तो घरच्यांना परवडत असेल, तर त्याने तो जरूर घालावा. आमचा विरोध कोटाला नाही, कोटाच्या अटीला आहे.

राहिला प्रश्न ज्याच्याजवळ धड गणवेशही नाही त्याचा. येथे सोलापूरचाच इतिहास आपल्याला वाट दाखवतो. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने आपल्या सोलापुरात वसतिगृह सुरू केले. त्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांच्या जेवणाचा, लेखनसाहित्याचा आणि कपड्यांचाही खर्च सभा करीत असे. सोलापूर नगरपालिका दरमहा ४० रुपये मदत देत असे. जेवण आणि वह्या-पुस्तके यांच्या पंक्तीला कपडे होते, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मुलाला शिकवायचे तर त्याला चारचौघांत ताठ उभे राहता येईल असे वस्त्र द्यावे लागते, हे आपल्या चळवळीने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

आणि आपण राहतो ते शहर कोणते? चादरी आणि टॉवेल यांच्यासाठी देशभर नाव असलेले, आणि आता शालेय गणवेशांच्या शिलाईसाठी ओळखले जाणारे सोलापूर. आपल्या कित्येक पालक भगिनी गणवेश शिवण्याच्या कामावर जातात. दुसऱ्या राज्यांतील मुलांचे गणवेश ज्यांच्या हातून तयार होतात, त्यांच्याच लेकीला आखूड गणवेशापायी मागे राहावे लागू नये.

म्हणून आमची एक छोटी सूचना आहे. शाळेत एक वस्त्रांचे कपाट असावे. त्यात वेगवेगळ्या मापांचे धडके, इस्त्री केलेले गणवेश, बूट, स्वेटर असावेत. हवे तर दोन-चार कोटही असावेत. ज्याला सादरीकरणाला, स्पर्धेला, मुलाखतीला जायचे आहे त्याने ते ग्रंथालयातील पुस्तकासारखे न्यावे, वापरून धुऊन परत करावे. नोंद असावी ती फक्त मापाची आणि तारखेची. कोणी का नेले, हे कोणी विचारू नये. माजी विद्यार्थ्यांनी येथे उतरलेले, विटलेले कपडे आणून टाकू नयेत. स्वतःच्या मुलाला जे घालाल तेच द्यावे. आपल्या पूर्वजांनी दुसऱ्यांच्या उतरलेल्या कपड्यांत दिवस काढले. आपल्या शाळेचे कपाट त्या परंपरेचे पुढचे पान होऊ नये.

ज्या मुलीपासून हा लेख सुरू झाला, तिचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. आम्ही तिला बोलावून आमची चूक कबूल केली आणि विचारले, "तुला काय घालून बोलावंसं वाटतं?" ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "कोट नको सर. नीट बसणारा गणवेश पाहिजे." दहावीच्या एका मुलीने आपला गणवेश आणून दिला. ते कळल्यावर उरलेल्या तिघींनी आपणहून कोटांचा बेत रद्द केला. चौघी गणवेशात गेल्या. त्यांना पहिला क्रमांक मिळाला नाही. पण तंबाखूची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून घरच्या घरी काय करता येईल, असे परीक्षकांनी विचारले तेव्हा त्या मुलीने आईच्या कामाची जागा, खिडकी, तोंडाला बांधायचे फडके असे सारे एकेक करून सांगितले. ठरलेली वेळ संपल्याची घंटा झाली तरी परीक्षकांनी तिला थांबवले नाही.

कपाटाची मापे घेण्याचे काम आम्ही आनंदाने करू. आपण पहिला गणवेश घेऊन या.

जयभीम! नमो बुद्धाय!